पन्नास वर्षे वयाची अट

कोलंबस शहराच्या कडेला क्रीडासाहित्याचे एक मोठे दुकान होते. त्याच्या मागच्या भिंतीशी, मासेमारीच्या गळांच्या शेजारी, एका उघड्या लाकडी खोक्यात रशियन मोसिन-नागांट रायफली झाडूंसारख्या उभ्या करून ठेवलेल्या असत. किंमत शंभर डॉलरच्या आत असे. मी २००४ साली एच-वन-बी व्हिसावर ओहायोत आलो आणि पुढची आठ वर्षे त्या खोक्यापुढे उभा राहून परत येत राहिलो, कारण तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या परदेशी माणसाला अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असणाऱ्याला यातून सवलत आहे आणि आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मला तो मार्ग सुचवलाही होता. पण आयुष्यात कधी ससासुद्धा न मारलेल्या माणसाने केवळ कायद्याची फट म्हणून शिकाऱ्याचा परवाना काढावा, हे मला पटले नाही. २०१२ साली ग्रीन कार्ड आले आणि त्याच महिन्यात मी त्या दुकानात गेलो. तोवर किंमत १२० डॉलरच्या घरात गेली होती.

शंभर-सव्वाशे डॉलरला लढाईतली रायफल मिळावी, याचे कारण तिच्या संख्येत आहे. १८९१ साली झारच्या सैन्याने स्वीकारलेली ही रायफल किरकोळ बदलांसह दुसऱ्या महायुद्धानंतरही बनत राहिली आणि एकूण उत्पादन ३ कोटींहून अधिक झाले. युद्ध संपल्यावर सोव्हिएत शस्त्रागारांनी लाखो रायफली सोडवून, तपासून, पुन्हा जुळवून, वंगणात बुडवून पुढच्या युद्धासाठी खोक्यांत भरून ठेवल्या. ते युद्ध झाले नाही आणि सोव्हिएत संघ मोडल्यावर ती खोकी अमेरिकन आयातदारांनी घाऊक भावात उचलली. आयातीचा दरवाजाही कायम उघडा नव्हता. १९६८ च्या कायद्याने परदेशी लष्करी सरप्लस, म्हणजे गरजेबाहेर गेलेल्या, बंदुकांची आयात बंद केली होती आणि १९८४ मध्ये ‘क्युरिओ अँड रेलिक’, म्हणजे जुन्या व संग्राह्य वर्गातल्या शस्त्रांपुरती ती पुन्हा सुरू झाली. आज अमेरिकेत जी स्वस्त सरप्लस रायफल दिसते, ती बहुधा १९८४ नंतरच्या या लाटेतली असते आणि म्हणून तिच्या नळीवर आयातदाराचे नाव व गाव बारीक अक्षरांत ठोकलेले असते. काही संग्राहकांना हे ठसे खटकतात आणि ठसा नसलेल्या रायफलीला ते जास्त पैसे मोजतात. मला मात्र तो ठसा तिच्या प्रवासातला एक मुक्काम वाटतो.

दुकानात ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरून घेतात. ग्रीन कार्डधारकाला त्यात आपला ‘एलियन नंबर’ लिहावा लागतो. दुकानदार एफबीआयच्या तपासणी केंद्राला फोन करतो आणि तिकडून तीनपैकी एक उत्तर येते: द्या, देऊ नका किंवा थांबा. माझ्या बाबतीत ‘थांबा’ आले आणि तिसऱ्या दिवशी मंजुरी मिळाली. खोक्यातली रायफल निवडायला दुकानदाराने मला अर्धा तास दिला होता. त्या अर्ध्या तासात काय पाहायचे हे मला ठाऊक नसल्यामुळे मी सर्वांत सुंदर लाकडाची रायफल निवडली. ही चूक बहुतेक नवखे करतात. पाहायची असते ती नळी: बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारून नळी मागून बंद करणारा सरकता भाग, काढून मागून उजेड टाकायचा आणि आतले पीळदार चर ठळक आहेत की झिजून पुसट झाले आहेत, हे बघायचे. तोंडाशी नळी किती झिजली आहे याचा ढोबळ अंदाज घ्यायला एक जिवंत नसलेले, म्हणजे दारू व ती पेटवणारी टोपी काढलेले काडतूस तोंडाकडून टेकवून बघतात. गोळी थेट कडेपर्यंत बुडाली तर ती नळी कित्येक वर्षे निष्काळजीपणे लोखंडी गजाने साफ झाली आहे असे समजावे. लाकूड सर्वांत शेवटी.

घरी आल्यावर पहिला आठवडा वंगण काढण्यात गेला. कॉस्मोलिन हे पेट्रोलियमपासून केलेले मेणचट वंगण नवे असताना मऊ असते, पण पन्नास-साठ वर्षांत ते जुन्या काकवीसारखे घट्ट आणि चिकट होते आणि स्प्रिंगच्या वेटोळ्यांत, स्क्रूच्या आट्यांत, लाकडाच्या रंध्रांत, सगळीकडे शिरून बसलेले असते. धातूचे लहान भाग मी उकळत्या पाण्यात टाकले, वर आलेला तवंग काढला आणि उरलेले मिनरल स्पिरिटने पुसले. लाकडासाठी उष्णता हाच उपाय आहे. जुलैच्या उन्हात दस्ता काळ्या कचऱ्याच्या पिशवीत गुंडाळून मी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला. दुपारपर्यंत लाकडातून तपकिरी घाम फुटला होता, तो पुसला, पुन्हा ठेवला, असे चार दिवस चालले. गाडीला तो वास दिवाळीपर्यंत येत होता आणि पत्नीने त्याबद्दल जे म्हटले ते येथे देण्याची गरज नाही. इतके करूनही पहिल्या वीस फैरींनंतर बोल्ट उघडेना, कारण काडतूस बसते त्या पोकळीत वंगणाचा पातळ थर वार्निशसारखा टिकून राहिला होता आणि नळी तापल्यावर तो मऊ होऊन काडतुसाच्या नळकांड्याला धरून ठेवत होता. ‘मोसिनचा बोल्ट अडकतो’ अशी जी तक्रार सर्वत्र ऐकू येते, तिच्यामागे रायफलीचा दोष असण्यापेक्षा अर्धवट सफाई जास्त वेळा असते, असे माझे मत आहे.

वंगण निघाल्यावर खुणा दिसू लागल्या. माझ्या रायफलीवर त्रिकोणात बाण होता, म्हणजे ती रशियातल्या इझेव्स्कच्या कारखान्यातली. ताऱ्यात बाण असता तर तुला शहरातली. साल १९४३. त्या साली मोजून-मापून गुळगुळीत करायला कोणाला सवड नव्हती, त्यामुळे पोलादावर कापणाऱ्या हत्याराचे ओरखडे जसेच्या तसे आहेत. बोल्टवरचा जुना अनुक्रमांक खोडून त्याखाली नळीचा क्रमांक नव्याने घातलेला आहे. शस्त्रागारात डागडुजी करताना मिळेल तो बोल्ट बसवून कागदोपत्री जोडी जुळवत, त्याची ही खूण. तिरकी रेघ मारलेला लहान चौकोन हा त्याच डागडुजीचा शिक्का. जाहिरातीत ‘सर्व क्रमांक जुळणारी’ असे लिहिलेली रायफल मूळची जुळलेली आहे की नंतर जुळवलेली, हा फरक किमतीत बराच पडतो आणि तो विक्रेता आपणहून सांगत नाही.

स्वस्ताईचा उरलेला हिशेबही सांगायला हवा. त्या वेळी ४४० काडतुसांचा बंद पत्र्याचा डबा रायफलीपेक्षाही कमी किमतीत मिळे आणि डबा उघडायला सोबत एक ओबडधोबड सुरी येई. परंतु त्या जुन्या सोव्हिएत काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असते. ते पेटल्यावर पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचाच एक भाऊ, नळीत उरते आणि हवेतला ओलावा ओढून एका रात्रीत गंज धरवते. त्यावर अमोनियाचा काच पुसायचा फवारा मारावा, असे मला तीन जाणत्यांनी सांगितले. मीठ पाण्यात विरघळते एवढे शाळेतले रसायनशास्त्र आठवल्यामुळे मी किटलीभर उकळते पाणी नळीतून ओतले, कोरडे केले आणि तेल लावले. आजवर गंज आलेला नाही. काम पाणीच करते, अमोनियाचा त्यात काही वाटा नाही. डबा, पितळी गज, तेल, बंदूक ठेवायचे पोलादी कपाट, असे सगळे मिळून पहिल्या वर्षीचा खर्च रायफलीच्या किमतीच्या सातपट झाला, आणि त्यातला मोठा भाग कपाटाचा होता.

पुढच्या वर्षी मी संग्राहकाचा परवाना काढला. संघराज्याच्या परवान्यांमधला हा तिसऱ्या प्रकारचा परवाना. शुल्क ३० डॉलर, मुदत ३ वर्षे, वय किमान २१. अर्जाची एक प्रत स्थानिक पोलीस प्रमुखाकडे, म्हणजे आमच्याकडे शेरीफकडे, धाडावी लागते. ही परवानगी मागणे नसते, फक्त कळवणे असते. २०१२ च्या डिसेंबरातल्या न्यूटाउनच्या शाळेतील हत्याकांडानंतर देशभर बंदूक खरेदीची झुंबड उडालेली असल्यामुळे माझा कागद यायला तीन महिने लागले. हा परवाना मिळाला की ‘क्युरिओ अँड रेलिक’ वर्गातले शस्त्र दुसऱ्या राज्यातूनही थेट घरपोच मागवता येते. विक्रेत्याला परवान्याची सही केलेली प्रत पाठवायची, आणि तो पाठवतो. मुख्य निकष वयाचा आहे: शस्त्र मूळ स्वरूपात असावे आणि बनून किमान ५० वर्षे झालेली असावीत. कोणी शिकारीसाठी लाकूड कापून, नळी आखूड करून तिची काटछाट केली असेल, तर वय कितीही असो, ती या वर्गातून बाहेर पडू शकते. आणि परवाना संग्रहासाठी आहे. स्वस्तात घेऊन नफ्याने विकण्याचा धंदा त्यावर करता येत नाही.

सवलतीच्या बदल्यात वही येते. प्रत्येक शस्त्र कोणाकडून, कोणत्या तारखेला आले, बनवणारा कोण, आयातदार कोण, नमुना, अनुक्रमांक, काडतुसाचा आकार, हे सर्व पुढचा कामकाजाचा दिवस संपण्याच्या आत वहीत लिहावे लागते. दुसऱ्याला दिले तर सात दिवसांत. सरकारी अधिकारी ही वही तपासू शकतात. सुरुवातीला मी आयातदाराचा रकाना रिकामा ठेवला होता, कारण तो बारीक ठसा मला सापडलाच नव्हता. नंतर भिंगाखाली तो नळीच्या खालच्या अंगाला दिसला. तेव्हापासून माझी सवय अशी की खोके उघडल्यावर आधी भिंग, मग वही, आणि त्यानंतरच रायफल हातात घेऊन तिचे कौतुक. न्यू जर्सीतल्या एका मराठी मित्राने माझे पाहून हाच परवाना काढला. पण तिथे राज्याचे स्वतंत्र बंदूक-खरेदी ओळखपत्र लागते आणि संघराज्याचा परवाना त्या अटीतून सोडवत नाही, हे त्याला पहिल्या खरेदीच्या वेळी कळले. ज्या राज्यात राहतो तिथला कायदा आधी वाचावा, हे त्याच्यामुळे मलाही पक्के समजले.

आता माझी फसगत. ओहायोतल्या एका बंदूक-जत्रेत, टेबलावर जुन्या संगिनींच्या गराड्यात, मला ली-एन्फिल्ड ही ब्रिटिश लष्कराची जुनी रायफल दिसली: नंबर एक मार्क तीन, थ्री नॉट थ्री, लाकूड आरशासारखे चकचकीत. विक्रेता म्हणाला, नळी उत्तम आहे, आणि ते खरे होते. बोल्टवरचा क्रमांक रायफलीच्या क्रमांकाशी जुळत नव्हता हे मी पाहिले, पण मोसिनच्या अनुभवावरून त्याला केवळ किमतीचा प्रश्न समजलो. मोसिनमध्ये तो बहुधा तेवढाच असतो. एन्फिल्डमध्ये बोल्ट त्या-त्या रायफलीला हाताने बसवलेला असतो. बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराने ‘फील्ड गेज’ नावाची मोजपट्टी काडतुसाच्या जागी ठेवून बोल्ट लावला, तर तो विनासायास बंद झाला. याचा अर्थ काडतूस आणि बोल्टचे तोंड यांच्यात नको इतकी फट होती आणि गोळी झाडली तर पितळी नळकांडे बुडाजवळ फाटण्याचा धोका. चकचकीत लाकूड म्हणजे कोणीतरी सँडपेपरने घासून मूळचे सगळे शिक्के पुसून टाकले होते, हे त्याने वर सांगितले. १८० डॉलर गेले. ती रायफल आजही भिंतीवर आहे आणि तिच्यातून मी एकही फैर झाडलेली नाही. त्या दिवसापासून तीन गेज माझ्या खिशात असतात आणि त्या वापरू द्यायला जो विक्रेता कुरकुर करतो, त्याच्या टेबलापुढे मी थांबत नाही.

या प्रकारानंतरही मी एन्फिल्डच शोधत राहिलो, कारण मला हवी होती ती इच्छापूरची रायफल. कोलकात्याच्या उत्तरेला असलेल्या इच्छापूर रायफल कारखान्यात इंग्रजांच्या काळापासून थ्री नॉट थ्री बनत होती. १९६२ च्या चीन युद्धानंतर त्याच जुन्या रचनेत, अधिक मजबूत पोलाद वापरून, नाटोच्या ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी तिथे नवी रायफल बनवली गेली: आधी २ए आणि १९६५ पासून २ए१. दोघींमध्ये ओळखण्याजोगा फरक मागच्या नेमपट्टीवर आहे. पहिलीवर २००० पर्यंतचे अंतर कोरलेले होते, दुसरीवर ते ८०० मीटर केले. जुन्या थ्री नॉट थ्रीला भोक पाडून केलेली ही जुगाडी बंदूक आहे, असे इथले अनेकजण सांगतात. ते चूक आहे. ती नव्याने बनवलेली रायफल आहे.

मला दिसलेल्या बहुतेक २ए१ या १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या होत्या आणि त्यामुळे पन्नास वर्षांच्या अटीत अडकत. स्थानिक परवानाधारक दुकानामार्फत त्या घेता आल्या असत्या, पण मी मनाशी ठरवले होते की ही रायफल माझ्या वहीत, माझ्याच परवान्यावर यावी. १९६७ ची रायफल २०१७ मध्ये पन्नाशीची होणार, एवढा हिशेब करून मी थांबलो. त्या वर्षाखेरीस टेक्सासहून खोके आले, ३४० डॉलर अधिक टपाल. दस्ता जिथे पोलादात बसतो तिथे उजव्या अंगाला अशोकस्तंभाचे सिंह, खाली ‘७.६२ एमएम २ए१’, त्याखाली ‘आरएफआय १९६७’. पुढच्या लाकडातून आरपार गेलेला तो मजबुतीचा स्क्रू, जो भारतीय एन्फिल्डची ओळख आहे, जागेवर होता. पोलादावर काळा रंग जाडसर चोपडलेला होता, आपल्याकडे सरकारी पंख्याला देतात तसा. गेज लावली, बोल्ट अडला, म्हणजे ठीक होती. माझे भारतातले मित्र विचारतात की तिकडे जाऊन आपलीच बंदूक का घेतलीस. उत्तर सोपे आहे: भारतात थ्री नॉट थ्री आणि ७.६२ ही दोन्ही लष्करी बोअर, म्हणजे काडतुसांची मापे, सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर पोलिसांच्या हातात जी रायफल मी टीव्हीवर पाहिली, तिच्या बहिणीला हात लावायला मला ओहायोत यावे लागले.

अमेरिकन नागरिकत्व २०१७ मध्येच मिळाले होते, म्हणून पुढच्या वर्षी नागरी नेमबाजी कार्यक्रमाकडून, ज्याला सगळे सीएमपी म्हणतात, एक एम-वन गॅरंड मागवली. ही संस्था अमेरिकन लष्कराच्या जुन्या रायफली फक्त नागरिकांना विकते; पासपोर्टची प्रत, संलग्न क्लबचे सदस्यत्व आणि नेमबाजीत भाग घेतल्याचा पुरावा जोडावा लागतो. ‘फील्ड’ दर्जाची रायफल साडेसहाशेच्या आसपास पडली आणि अलाबामातल्या ॲनिस्टनहून थेट घरी आली. या व्यवहारात सांगण्यासारखे विघ्न काही आले नाही. सरप्लसमध्ये इतकी सरळ खरेदी मी दुसरी पाहिली नाही. आठ काडतुसांची क्लिप भरताना अंगठा चिमटला एवढेच, आणि तो प्रत्येकाचा एकदा चिमटतोच.

बाकी बाजार आता बदलला आहे. रशियन शस्त्रांच्या आयातीसाठी नवे परवाने देणे अमेरिकेने सप्टेंबर २०२१ पासून थांबवले आणि त्याआधीच खोकी रिकामी होत आली होती. जी मोसिन मी १२० ला घेतली, तिच्यासारखीला आज तिप्पट मागतात.

२०१९ च्या उन्हाळ्यात बाबा साताऱ्याहून आमच्याकडे तीन महिने राहायला आले. चीन युद्धानंतर कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली तेव्हा ते पहिल्या वर्षाला होते आणि थ्री नॉट थ्रीने कवायत केल्याची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्यांना इच्छापूरची रायफल दाखवायची, हे मी दोन वर्षे ठरवून ठेवले होते. कपाट उघडले आणि मग माझ्या लक्षात आले की बाबा पर्यटक व्हिसावर आहेत. जो नियम मला आठ वर्षे लागू होता, तोच आता त्यांना होता.

“बाबा, तुम्हाला ती हातात घेता येणार नाही. कायदा आहे,” मी म्हणालो.

“मग तू धर. मी बघतो,” असे म्हणून त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

मी टेबलावर रायफल ठेवली आणि ते तिच्याभोवती फिरले. बोल्ट मागे घ्यायला सांगितला, नळीत डोकावले, मॅगझिनचा चौकोनी आकार पाहून “हे आमच्या वेळचे नाही,” म्हणाले. मग वाकून दस्त्याच्या टोकाकडे मान केली. “बटाचे झाकण उघड.” मी उघडले. आत काही नव्हते. “पुलथ्रू कुठे आहे? तेलाची बाटली? रायफल बिनपुलथ्रूची जमा केली तर हवालदार मैदानाला फेऱ्या मारायला लावायचा.” आणि पुढे नळी पुसायची चिंदी चार बाय दोन इंचांची कशी असावी, दोरीच्या कोणत्या फासात कशी अडकवावी, हे त्यांनी मला पाठीमागचे हात न सोडता समजावून सांगितले.

मी त्याच संध्याकाळी जुन्या लष्करी सामानातले एक पुलथ्रू आणि पितळी बाटली मागवली. दोन्ही मिळून १४ डॉलर. पुलथ्रू म्हणजे वजन लावलेली दोरी, त्याला परवाना लागत नाही आणि वहीत नोंदही लागत नाही. आठवड्याने पाकीट आले ते मी बाबांच्या हातात दिले. त्यांनी दोरी दोन बोटांभोवती गुंडाळली, शेवटचे टोक वेटोळ्यात खोचले, एकदा सोडून पुन्हा गुंडाळली आणि मग टेबलावर ठेवली. मी ती उचलून बटात सरकवली आणि झाकण लावले.